थर नसलेली जीभ

आमच्या दवाखान्यात नवीन आलेला प्रत्येक माणूस पहिल्या दहा मिनिटांत मला जीभ काढून दाखवतो. पुण्यातल्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते हसतात. हसण्यासारखंच आहे. हायडेलबर्गच्या विद्यापीठातला पांढऱ्या दाढीचा प्राध्यापक असो, कडक इस्त्रीच्या शर्टातला वकील असो, खिडकीसमोरच्या खुर्चीवर बसतो, उजेडाकडे तोंड करतो आणि बालवाडीतल्या पोरासारखी जीभ काढतो. मग मी तिच्याकडे बघत बसते. हाच माझा धंदा.

मी मूळची वैद्य. पुण्यात आयुर्वेदाची पदवी घेतली, थोडी प्रॅक्टिस केली, लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे जर्मनीला आले. ते लुडविग्सहाफेनला रसायनांच्या कारखान्यात इंजिनिअर. माझी पदवी इथे डॉक्टर म्हणून चालत नाही हे आल्यावर कळलं. आधीही कळलं असतं, पण आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. मग हायलप्राक्टिकरचा परवाना काढला. डॉक्टर नसलेल्या माणसाला त्याने उपचार करायची मुभा मिळते. परीक्षा सरकारी आरोग्य खातं घेतं, आणि तुम्ही सुया टोचता की काढे पाजता याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. कुठल्या रोग्याला स्वतः हात न घालता ताबडतोब डॉक्टरकडे पाठवायचं, हे मात्र ते खोदून खोदून विचारतात.

चिनी वैद्यक मला शिकवलं फ्राऊ डॉक्टर राइनर्ट यांनी. रीतसर ॲलोपथीच्या डॉक्टर, आणि वर चिनी पद्धतीचं बरीच वर्षं शिक्षण घेतलेल्या. नोकरी मागायला गेले तेव्हा त्यांनी प्रमाणपत्रं बाजूला ठेवली आणि स्वतःचीच जीभ काढली.

"तुमच्या आयुर्वेदात बघतात ना? सांग."

मी घाबरून म्हटलं, "तुम्ही सकाळपासून बरीच कॉफी प्यायलायत."

"हो, हो. अख्खं हायडेलबर्ग पितं. पुढे?"

"कडेला दातांचे ठसे आहेत. दमलेल्या आहात. झोप कमी आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मला माणूस हवाय. सोमवारपासून ये."

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही जिभेचा रंग बघतो, आकार बघतो, ओलावा बघतो आणि वरचा थर बघतो. फिकट जीभ म्हणजे अंगात ऊब आणि रक्त कमी, लाल म्हणजे उष्णता. फुगून कडेला दात रुतलेले असतील तर पचन मंद. टोकाशी लाल ठिपके दिसले तर मी हळूच झोपेची चौकशी करते. थर हा पोटाचा आरसा मानतात: पातळ पांढरा बरा, जाड चिकट वाईट, आणि थरच नसेल तर शरीरातला ओलावा आटत चाललाय. जीभ उलटी करून खालच्या शिराही बघायच्या असतात, ते लोकांना अजिबात आवडत नाही. जिभेवरून आजार ओळखता येतो असा दावा मी करत नाही. कुठे विचारायचं ते कळतं, एवढंच.

हे सगळं जमायचं तर जीभ सकाळी उठल्यावर असते तशीच यायला हवी. म्हणून वेळ ठरवतानाच आम्ही एक कार्ड पाठवतो: येण्याच्या दिवशी जीभ घासू नका, कॉफी, बीट, जांभळी फळं, काळ्या लाक्रिट्सच्या, म्हणजे ज्येष्ठमधाच्या, गोळ्या टाळा. जर्मन माणूस असलं कार्ड कायद्यासारखं पाळतो. लुडविग्सहाफेनचे एक रसायनशास्त्रज्ञ तर पुढे गेले. रोज सकाळी एकाच दिव्याखाली, जिभेशेजारी रंगांची पट्टी धरून फोटो काढायचे आणि आकडे एक्सेलमध्ये भरायचे. एकदा आलेख घेऊन आले.

"मंगळवारी लाल रंग वाढलाय. कारण काय असेल?"

"सोमवारी काय झालं होतं?"

त्यांनी बराच विचार केला. "सासूबाई आल्या होत्या."

"मग आलेख बरोबर आहे," मी म्हटलं. ते हसले नाहीत. कारणाच्या रकान्यात त्यांनी ते लिहून घेतलं.

दुसऱ्या एक बाई होत्या, उंची स्कार्फवाल्या. त्यांच्या जिभेवर असा पिवळाधमक थर की राइनर्टबाई पित्ताशयाच्या तपासण्या लिहून द्यायला निघाल्या. मी जवळ गेले आणि वास आला. हळद! बाई रोज सकाळी कॅफेत फॅशनचं हळदीचं दूध पीत होत्या, आणि ते कॉफी नाही म्हणून कार्डाच्या नियमात बसतं असं त्यांचं म्हणणं. राइनर्टबाई पोट धरून हसल्या. त्या दिवसापासून दवाखान्यात ठरूनच गेलं की भारतीय काहीही असलं की मेघनाला विचारा. माझ्याही डोक्यात ते पक्कं बसलं. आपल्या माणसांबद्दल मला विचारावं लागत नाही, मला माहीतच असतं, असं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

निखिल नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात आहे, सांगलीचा मुलगा. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. त्याच्या बायकोच्या बाळंतपणासाठी त्याची आई, शैलाकाकू, तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, काटक, हसऱ्या. बाळ झालं, सगळं नीट पार पडलं आणि मग काकूंना थकवा यायला लागला, पायांना मुंग्या येऊ लागल्या. निखिल त्यांना गाडीने माझ्याकडे घेऊन आला आणि बाळाला बाबागाडीत घालून खाली नदीकडे फिरवायला गेला.

"तुझ्याकडे आले ते मराठीत बोलता येतं म्हणून," काकू म्हणाल्या. "सुनेच्या डॉक्टरणीला 'पायाला मुंग्या येतात' कसं सांगू? ती घरात औषध फवारायला लावेल."

"जर्मनमध्येसुद्धा मुंग्याच येतात हो काकू. त्यांचाही शब्द तोच आहे."

"अगं बाई! मग उगाच पेट्रोल जाळलं."

आम्ही दोघी खूप हसलो. मग त्यांनी जीभ काढली. लाल, गुळगुळीत, थराचा पत्ता नाही. कुणी जर्मन बाई असती तर मी थबकले असते. पण काकू मराठी. आपल्याकडे सकाळी दात घासल्यावर जीभ खसाखसा घासून ओकाऱ्या काढल्याशिवाय कुणाला तोंड धुतल्यासारखं वाटत नाही. त्यातून डॉक्टरकडे जायचं म्हणजे जास्तच स्वच्छ होऊन जायचं. शेजारचे सगळे मराठी लोक अशाच चकचकीत जिभा घेऊन येतात आणि मी त्यांना रागावून परत पाठवते. काकूंच्या बाबतीत तेही केलं नाही. वयाने मोठ्या, लांबून आलेल्या. थर घासला गेलाय असं मनाशी धरलं, लाल रंग तेवढा जमेला घेतला, पायांना सुया लावल्या, थंड गुणाचा काढा दिला.

जीभ घासून आलात का, हे मी विचारलं नाही. तो प्रश्न मी दिवसातून किती जणांना विचारत असेन. काकूंना विचारला नाही.

दुसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "तोंडाला साबण लावून डोळे मिटले ना, की पुढे गेल्यासारखं होतं. बेसिनला पोट टेकवून उभी राहते." मी रक्तदाब पाहिला, ठीक होता. म्हटलं, इथली थंडी सोसत नसेल. सुया वाढवल्या. जाता जाता त्या अगदी सहज म्हणाल्या, "बाळाला घेऊन जिना उतरायचं बंद केलंय. सुनेला सांगितलंय गुडघे दुखतात म्हणून." नातीसाठी सातासमुद्रापार आलेली बाई तिला उचलून घ्यायला भीत होती, आणि मी तिला पुढची तारीख दिली.

तिसऱ्या खेपेला काकूंनी जीभ काढलेली असतानाच राइनर्टबाई सुयांचं खोकं घ्यायला आत आल्या. कपाटाकडे जाता जाता थांबल्या. वाकल्या. हातातला टॉर्च लावला.

"ही अशी कधीपासून आहे?"

"सुरुवातीपासून," मी जर्मनमध्ये म्हटलं. "रोज घासतात त्या. आमच्याकडची पद्धत."

"त्या म्हणाल्या तसं?"

मी काकूंकडे वळले आणि मराठीत विचारलं, "काकू, सकाळी जीभ घासता ना हो?"

"छे गं, कधीच सोडलं. सांगलीला असतानाच. टंग क्लीनर लावला की आग आग होते."

राइनर्टबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. काकूंना जर्मन येत नव्हतं, राइनर्टबाईंना मराठी येत नव्हतं. खोलीत दोन्ही भाषा जाणणारी मी एकटी.

"हो," मी म्हटलं. "रोज घासतात म्हणे. आज सकाळीसुद्धा."

हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही, बोललेलंही नाही. विचार करून खोटं बोलले असंही म्हणता येत नाही. तोंडातून निघून गेलं. पण निघाल्यावर ते परत घ्यायला वेळ होता, भरपूर वेळ होता, आणि मी घेतलं नाही.

राइनर्टबाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. "आहा," एवढंच म्हणाल्या. घासल्याने थर जातो, जिभेचे बारीक दाणे जात नाहीत. काकूंचे दाणेच गेले होते. हे त्यांना दिसत होतं आणि मलाही दिसायला हवं होतं, कारण परवान्याच्या तोंडी परीक्षेत नेमकी हीच जीभ मला विचारली होती आणि मी धडाधड उत्तर दिलं होतं: गुळगुळीत लाल जीभ, हातापायांना मुंग्या, तोल जाणे, बी-ट्वेल्व्ह तपासा, डॉक्टरकडे पाठवा.

त्यांनी नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, आणला, वाजवून काकूंच्या घोट्यावर टेकवला. "काही जाणवतं?" मी भाषांतर केलं, या वेळी खरं.

"थंड लागतंय," काकू म्हणाल्या. कंप त्यांना जाणवतच नव्हता. तोच काटा मनगटावर टेकवला तर दचकून हसल्या.

त्याच बैठकीत रक्त घेतलं. मग एकेक विचारणं झालं: शाकाहारी, दूध सोसत नाही, आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू. यातलं एकही मी विचारलेलं नव्हतं. तेवढ्यात निखिल बाबागाडी घेऊन वर आला. राइनर्टबाईंनी त्याला शांतपणे समजावलं की बी-ट्वेल्व्ह फार कमी झालेलं असावं, मज्जातंतूंवर परिणाम झालाय, इंजेक्शनं लगेच सुरू करायची. त्याने विचारलं, हे आधी कसं कळलं नाही? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझं होतं.

मी म्हटलं, "जीभ घासलेली असली की दिसत नाही रे नीट."

निखिल आईकडे वळला. "आई! मी कार्ड वाचून दाखवलं होतं ना तुला? घासू नकोस म्हणून?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, पापणी लवण्याइतकं. एवढ्यात त्यांना सगळं कळलं, मघाशी मी जर्मनमध्ये काय सांगितलं असेल तेसुद्धा.

"राहिलंच बघ," त्या म्हणाल्या. "हाताची सवय."

"कमाल आहे तुझी, आई."

"आहेच मुळी," काकू म्हणाल्या आणि बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला लागल्या.

इंजेक्शनांनी गुण आला. थकवा पहिल्यांदा गेला. मग जिभेवर दाणे उगवायला लागले; खरंच उगवतात, नांगरलेल्या रानात कोंब दिसावेत तसे, आधी कडेला, मग मध्ये. तोल सावरला. जायच्या आधी काकू नातीला कडेवर घेऊन आमच्या दवाखान्याचा जिना चढून आल्या, मला दाखवायला. तळपाय मात्र पूर्ण परतले नाहीत. चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नाही, म्हणून घरातही मागून पट्टा असलेली चप्पल घालतात. त्या दिवशी दारात उभ्या असताना विचारावंसं वाटलं, तुम्ही असं का केलंत? मी विचारलं ते, औषधं बरोबर घेतलीत ना.

राइनर्टबाई कधी काही बोलल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक नवा रोगी आम्ही दोघींनी मिळून बघायचा, असा नियम झाला. कारण सांगितलं नाही. तशी आम्ही तीनेक वर्षं शेजारी शेजारी बसून जिभा पाहिल्या, आणि मला जे काही येतं ते त्या वर्षांतलं आहे. निवृत्त होताना दवाखाना त्यांनी माझ्याकडे सोपवला. त्या वेळी मी म्हटलं, "तुम्हाला एक सांगायचं राहिलंय." त्या खुर्चीवरचं स्वतःचं जाकीट उचलत म्हणाल्या, "मला नाही. त्यांच्या मुलाला." म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी मला काढून टाकलं नाही. बसवून शिकवलं. या बाईचे उपकार मी फेडू शकणार नाही आणि तसा प्रयत्न केलेला त्यांना चालणारही नाही.

तरी मुलाला सांगायला मला या वसंतापर्यंत वेळ लागला. आणि तेही माझ्या हिमतीने घडलं नाही.

निखिल स्वतःच आला, दमायला होतं म्हणून. खुर्चीवर बसता बसता म्हणाला, "ताई, आज अजिबात घासलेली नाही हं. आमच्या घरात आता कुणाची हिंमतच नाही."

"म्हणजे?"

"अहो, आईचा किस्सा! आम्ही अजून चिडवतो तिला. व्हिडिओ कॉल लागला की आमची कार्टी पहिलं काय म्हणते माहितीये? 'ओमा, निश्त पुत्सन!' आजी, घासू नकोस! तिला बाकी मराठी कळतं सगळं, पण हे जर्मनमध्येच म्हणणार. आई पण काय, हसते आणि कान पकडते."

इतकी वर्षं. मी बोललेल्या एका वाक्यासाठी त्या सांगलीत बसून नातीसमोर कान पकडत होत्या.

मी टॉर्च खाली ठेवला. "निखिल, काकूंनी जीभ घासली नव्हती."

मग सगळं सांगितलं. न विचारलेला प्रश्न, खोटं भाषांतर, त्यांनी माझ्याकडे कसं पाहिलं ते. सांगताना वाटलं होतं तितकं लांबलचक निघालं नाही. शेवटी तो म्हणाला, "लवकर कळलं असतं तर पाय पूर्ण बरे झाले असते?"

इथे हात झटकायला जागा होती. आजार सांगलीतच सुरू झाला होता, हे खरंच आहे.

"नक्की कुणीच सांगू शकणार नाही," मी म्हटलं. "पण शक्यता बरीच जास्त होती."

त्याने मान हलवली. खिशातून फोन काढला. मला वाटलं उठून जाणार. पण त्याने तिथेच बसून कॉल लावला, आणि स्क्रीनवर काकू आल्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या.

"आई, तू तेव्हा जीभ घासली नव्हतीस."

काकूंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "कोणी सांगितलं?"

"मेघनाताईंनी. समोर बसल्यात."

"सांगितलं का तिने? बरं झालं. लई दिवस लावले बाईने."

"आई, पण तू का घेतलंस स्वतःवर?"

"अरे, मी तीन महिन्यांची पाहुणी. चार लोक येडी म्हणाले तर मला काय होणार होतं? ती परक्या देशात, परक्या माणसांत उभी राहिलेली पोर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तू पाहिलं नाहीस. तुझ्याकडे पाठ होती का तिची?"

माझ्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं होतं हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

"पण राग यायला हवा होता तुला," निखिल म्हणाला.

"आला होता की. पाय गार पडले की अजून येतो. मग पट्टा घट्ट करते आणि फिरायला जाते." मग त्यांनी आवाज बदलला, वर्गात बदलत असतील तसा. "तू तिकडे कशाला गेलायस?"

"दमायला होतंय म्हणून."

"मग मला काय दाखवतोयस तोंड? तिला जीभ दाखव."

निखिलने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माफी होती असं मी म्हणणार नाही. पण त्याने फोन टेबलावर ठेवला, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि जीभ काढली. फिकट होती, कडेला दातांचे खोल ठसे. मी टॉर्च उचलून जवळ गेले. टेबलावरून काकूंचा आवाज आला, "आणि सगळं विचारून घे गं त्याला. तो आपणहून काही सांगायचा नाही."

मी स्टूल पुढे ओढलं आणि विचारायला सुरुवात केली.